बकरीचे खूर घालून हनाकापिआई: एका टाबीचा हिशोब

आधी टाबी या बुटांचा निकाल सांगून टाकते. ओढा, शेवाळ आणि ओले गोटे यासाठी दहापैकी नऊ. लाल चिखलासाठी दहापैकी दोन, आणि तेही विकणाऱ्या आंटीच्या भिडेखातर.

टाबी म्हणजे काय ते आमच्या घरीही कुणाला माहीत नव्हतं. घोट्याच्या वर येणारा काळा कापडी बूट, बाजूला वेल्क्रोची पट्टी, अंगठ्याला एक कप्पा आणि उरलेल्या चार बोटांना दुसरा. तळाला रबर नाहीच. शाळेतल्या डस्टरला असायचं तसलं जाड फेल्ट चिकटवलेलं. पाय पुढे करून उभं राहिलं की हुबेहूब बकरीचा खूर. पंधरा वर्षांच्या मुलीने तिथेच जाहीर केलं, “आई, तू माझ्या शेजारून चालायचं नाहीस.”

मार्चच्या सुट्टीत आम्ही कॅलिफोर्नियाहून हवाईतल्या कौआई बेटावर गेलो होतो. इथून हवाईला जाणारी निम्मी मराठी मंडळी ओआहू बेटावर डायमंड हेडचा डोंगर चढून, फोटो काढून परत येतात. मला मात्र कौआईच्या ‘ना पाली’ नावाच्या किनाऱ्यावरच्या कड्यांवरून जाणारी कलालाऊची वाट बघायची होती. कॉलेजात असताना दर पावसाळी रविवारी राजगड, नाहीतर हरिश्चंद्रगड केलेत. कलालाऊची पूर्ण वाट एका बाजूने ११ मैलांची आणि तिला परमिट लागतं. बिनपरमिटचं हनाकापिआई खोऱ्यापर्यंतच जाता येतं. वाट सुरू होते त्या केए बीचपासून हनाकापिआईच्या किनाऱ्यापर्यंत २ मैल, तिथून आत धबधब्यापर्यंत आणखी २. जाऊन-येऊन ८ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. ऐकायला काहीच नाही.

ही वाट हाएना पार्कातून सुरू होते. त्याचं बुकिंग ३० दिवस आधी उघडतं आणि चटकन संपतं, त्यामुळे गजर लावून बसावं लागलं. माणशी ५ डॉलर प्रवेश. गाडी लावायला सकाळ आणि दुपार असे १०-१० डॉलरचे वेगळे स्लॉट आहेत, धबधब्याला जाणाऱ्याने दोन्ही घ्यावेत. दिवसाला ९०० पाहुण्यांनाच आत सोडतात. ही शिस्त पुरानंतरची. एप्रिल २०१८ मध्ये इथून जवळच वाइपाला २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस पडला, म्हणजे १,२६२ मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता आणि आपण अजून ती तारीख विसरलेलो नाही. दरडी कोसळून रस्ता बंद पडला तो जून २०१९ मध्ये उघडला. तेव्हा, ही वाट ओली असते म्हणजे किती ओली असते, ते यावरून समजून घ्या.

टाबी मला सुचण्याचं कारणच नव्हतं. कौआईवरच्या लिहुए गावात एका मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आम्ही पाण्यापासून फोन वाचवणारी पिशवी घ्यायला शिरलो होतो. गल्ल्यावर सत्तरीच्या आंटी. (हवाईत अनोळखी वडीलधाऱ्यांना आंटी-अंकलच म्हणतात, त्यामुळे मला एकदम ठाण्यात असल्यासारखं वाटलं.) कुठे जाणार विचारलं, माझ्या पायातल्या पळायच्या बुटांकडे बघितलं आणि न बोलता काउंटरवर दोन जोड ठेवले. एकाला नुसतं फेल्ट, दुसऱ्याच्या फेल्टमधून लोखंडी खिळे डोकावत होते. “रॉक, फेल्ट. मड, स्पाइक,” एवढंच म्हणाल्या. मी ३८ डॉलरचा बिनखिळ्यांचा जोड घेतला. त्यांचं निम्मंच ऐकलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या उरलेल्या निम्म्याचं आहे.

हे मूळचे जपानी बूट. १८८५ नंतर जपानी मजूर हजारोंनी इथल्या ऊसमळ्यांवर आले, त्यांच्याबरोबर टाबीही आल्या. आता त्या घालतात मुख्यतः किनाऱ्यावर गळ टाकणारे आणि खडकाला चिकटलेले ओपिही नावाचे शिंपले काढणारे. कोकणात खडपावर कालवं काढायला जातात ना, तसंच ते काम, फक्त लाटा माणूस ओढून नेणाऱ्या.

सुरुवातीचा चढ दगडांनी बांधून काढलेला आहे. लाखो पावलांनी गुळगुळीत झालेले दगड, वर रात्रीच्या पावसाची ओल. टाबी पिशवीत होत्या, पायात पळायचे बूट, आणि पहिल्या अर्ध्या मैलात मी दोनदा बुडावर आपटले. तिथेच बसून बूट बदलले.

फरक पहिल्याच पावलाला कळतो. रबर शेवाळाच्या थरावरून सरकतं. फेल्टचे तंतू मात्र वजनाखाली दबून दगडाच्या खाचाखोचांत शिरतात आणि मधलं पाणी फेल्टमधून निघून जातं. पाय ठेवला की तो तिथेच राहतो. वेगळ्या अंगठ्याने दगडाची कडाही धरता येते, कोल्हापुरी चपलेत अंगठा जसा आपोआप काम करतो तसा. हनाकापिआईचा ओढा ओलांडताना नवऱ्याचे एका नामांकित कंपनीचे १६० डॉलरचे ट्रेकिंग बूट मधल्या हिरव्या गोट्यावरून बर्फावरून जावेत तसे गेले आणि तो कंबरेपर्यंत भिजला. मी दोन फेऱ्या मारून त्याची बॅग आणि मुलीचा हात, दोन्ही पलीकडे नेलं. त्यानंतर मुलीचं “शेजारून चालू नकोस” बंद झालं.

पाणी पिंडरीच्या खाली होतं म्हणून उतरलो. वर डोंगरात पाऊस झाला तर हा ओढा काही मिनिटांत फुगतो. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांसारखंच, गढूळ झाला की अलीकडे बसून राहायचं. टाबीची पकड प्रवाहापुढे काही कामाची नाही. समुद्रात तर पायही घालू नये. हिवाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, उन्हाळ्यात ती परत येते, त्यामुळे आम्हाला किनारा म्हणून नुसता गोट्यांचा ढीग दिसला.

आतलं खोरं म्हणजे टाबीचं माहेर. ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो, बांबूची बेटं, मोठमोठ्या शिळा. मध्ये दगडी बांध दिसतात, ती जुन्या हवाईयन लोकांची अळूची खाचरं. हो, अळूच. पण ते पानांच्या फतफत्यासाठी नाही, कंदासाठी लावायचे. कॉफीच्या जुन्या कारखान्याचं धुराडं आहे, आंब्याची झाडं आहेत, वाटेवर कुजक्या पेरूंचा सडा. किनाऱ्याच्या बाजूला हाला नावाची झाडं होती, आधारमुळांवर उभी, थेट आपल्या केवड्याची भावकी. खडकही ओळखीचाच, काळा बेसॉल्ट. सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा, हा उणापुरा पन्नास लाखांचा. धबधबा जवळपास ३०० फुटांचा आहे आणि सुंदर आहे, पण वरून दगड येतात म्हणून मी त्याच्याखाली गेले नाही.

आता लाल चिखल. परतताना पाऊस लागला आणि पायवाटेच्या मातीचा गारा झाला. फेल्टने तो शोषून घेतला, तंतू बुजले, आणि तळवा भाकरीच्या पिठासारखा सपाट झाला. नुकतंच सारवलेलं अंगण आणि वर पाऊस, तशी गत. दोन मैल मी झाडांच्या मुळ्या धरत, बाजूने चालत काढले. नवरा त्याच बुटांनी सुखात पुढे. आमच्या पिढीच्या ट्रेकर्सनी ॲक्शन ट्रेकिंगचे बूट घालून चिखल-कातळ दोन्ही तुडवलंय, तशा सर्वगुणसंपन्न बुटाची अपेक्षा टाबीकडून ठेवू नका. मी पुन्हा गेले तर मातीत साधे बूट आणि ओढ्यापासून आत टाबी, असंच करीन. वजन नगण्य आहे.

आणखी दोन तक्रारी. बुटाच्या टोकाला कडक टोपी नसल्यामुळे ठेच सरळ नखाला लागते. दुसरी, घरी येईपर्यंत डाव्या टाचेचं फेल्ट सुटलं. एकाच सहलीत गोंद जाणं मला पटलेलं नाही. बुटाच्या गोंदाने चिकटवलंय, सध्या टिकलंय.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. दोन कप्प्यांमधली शिवण नेमकी जोडव्यावर घासते. मैलभरात सोलवटायला लागलं, जोडवी काढून पर्समध्ये टाकली. तिथल्या गोड्या पाण्यात लेप्टोचा धोका असतो आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला त्याबद्दल प्रवचन नको, म्हणून जखमेवर पट्टी लावूनच पुढे गेले. यात मोजे कुठले घालायचे असा प्रश्न अमेरिकन लोकांना पडतो. मला पडला नाही. चपलेवर घालायचे तुळशीबागेतले अंगठ्याचे मोजे, ते फिक्या बदामी रंगाचे, माझ्या बॅगेत कायम असतात. टाबीत ते इतके चपखल बसले की जणू त्यासाठीच विणले असावेत.

धुण्याचं काम मात्र खरं. ओहिआ नावाची तिथली जंगली झाडं मारणारी एक बुरशी २०१८ मध्ये कौआईवरही सापडली, ती मातीतून पसरते, त्यामुळे वाटेवर जाण्याआधी आणि नंतर बूट घासून ७० टक्के अल्कोहोल फवारायला सांगतात. रबराला हे पाच मिनिटांचं काम. फेल्ट तळापर्यंत माती धरून ठेवतं. न्यूझीलंडने तर गोड्या पाण्यातल्या मासेमारीत फेल्टच्या तळव्यांवर २००८ मध्येच बंदी घातली. मी हॉटेलच्या बाथटबमध्ये अर्धा तास ब्रश मारला, पाणी तांबडंच येत राहिलं. वाळायला दोन दिवस लागले आणि तेवढा वेळ खोलीत ओल्या घोंगडीचा वास.

फोटो बघून पुण्याच्या भावाने एक जोड मागवलाय, जुलैत अंधारबनला घालतो म्हणे. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने गिरवलेला फोटो व्हॉट्सॲपवर आला आहे. मोज्यांचं मी सांगितलं, तर तुळशीबागेत जाऊन स्वतःसाठी अंगठ्याचे मोजे मागायला लाज वाटते म्हणाला. वहिनीला पाठवतोय.