होलो बॉडी की फोर्ज्ड कॅव्हिटी? दोन्ही सेट वापरून झाल्यावर

सांगलीचा एक गोल्फ खेळणारा मित्र आहे, हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) नऊवरून सातवर आलाय, आणि गेले दोन महिने त्याचं एकच चाललंय, आयर्न (लोखंडी डोक्याचे क्लब, म्हणजे काठ्या) बदलायचेत, होलो घेऊ का फोर्ज्ड घेऊ. फोनवर चार वेळा सांगून झालं, आता लिहूनच काढतो, कारण त्याच्यासारखे विचारणारे अजून बरेच आहेत. मी दोन्ही वापरलेत, होलो बॉडीचा सेट दोन वर्षं आणि त्यानंतर श्रिक्सनचा झेडएक्स ७ (फोर्ज्ड कॅव्हिटी, म्हणजे ठोकून घडवलेलं भरीव डोकं, पाठीमागं खोलगट), जो अजून बॅगेत आहे. होलो सेटच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे खटकलं ते एका कंपनीचं नाही, त्या बनावटीचाच तो स्वभाव आहे असं माझं मत झालंय. आणि हे सगळं दहाच्या आत हँडिकॅप असणाऱ्यांसाठी आहे, किंवा त्याच्या अगदी दारात असणाऱ्यांसाठी. वीसचा हँडिकॅप असेल तर बिनधास्त होलो घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

होलो म्हणजे काय हे माहीत असेलच, पातळ फेस (बॉलला लागणारी बाजू), मागं पोकळी, आणि बऱ्याच सेटमध्ये त्या पोकळीत फोम नाहीतर पॉलिमर भरलेला. २०१७ ला टेलरमेडचा पी७९० आला तेव्हापासून हा प्रकार चांगल्या खेळाडूंच्या बॅगेत राजरोस दिसायला लागला, कारण बघायला तो ब्लेडसारखा (जुन्या पद्धतीच्या पातळ, भरीव आयर्नसारखा) बारीक आणि लांबी मात्र मोठ्या डोक्याच्या आयर्नची. मीपण त्यालाच भुललो होतो. पुण्यात डेमोला पहिल्या दहा बॉलमध्ये सेव्हन आयर्न माझ्या जुन्या सेटपेक्षा पंधरा यार्ड लांब गेला आणि तिथंच सौदा ठरला.

आता ते पंधरा यार्ड कुठून आले हे नीट समजून घ्या. होलो सेटच्या सेव्हन आयर्नचा लोफ्ट (फेसचा कल, जितका कमी तितका बॉल लांब) ३० डिग्रीच्या आसपास असतो, झेडएक्स ७ चा ३२, आणि टायटलिस्टच्या ६२० एमबीसारख्या ब्लेडचा ३५. म्हणजे सोलवर (क्लबच्या तळावर) आकडा ७ चा असला तरी जुन्या हिशोबानं तुमच्या हातात सिक्स आयर्न आहे (आकडा लहान तितका क्लब लांब मारणारा), कधी कधी त्याहून कडक, म्हणजे कमी लोफ्टचा. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, हेडचं वजन खाली नेलेलं असतं त्यामुळं एवढ्या कमी लोफ्टलाही बॉल उंच जातो, ते काम खरंच चांगलं केलंय. पण स्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, कमी होतो, आणि माझं गाडं तिथंच अडलं.

आपण कोल्हापूरकर, त्यातनं महिन्यातून एकदा पुण्याला खेळायला जाणारे. पहाटे तीनला तावडे हॉटेलवरून हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकी करत सातला येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर पोचायचं. एवढा उपद्व्याप करून गेल्यावर जो शॉट मनासारखा बसलाय त्याचं फळ मिळावं एवढीच अपेक्षा असते. पाऊस नुकताच संपला होता, गवत अजून ओलं, बॉल फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला हलक्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात), पिन (होलचा झेंडा) १५६ यार्डांवर. होलो सेटचा माझा एट आयर्न बरोब्बर १५५ जायचा. मारला, आणि त्या दिवसातला सगळ्यात गोड शॉट तोच होता, हाताला काही जाणवलंच नाही, लोण्यातनं सुरी जावी तसा. बॉल पिनच्या रेषेतच गेला, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) वरून गेला आणि मागच्या झाडीत. कॅडी शांतपणे म्हणाला, "साहेब, हा क्लब मधीच पळतोय." त्याच्या ते आधीच लक्षात आलेलं, माझ्या नव्हतं.

त्या दिवसापासून मी वहीत टिपून ठेवायला लागलो. पुढच्या पाच-सहा राऊंडमध्ये हेच दिसलं की दहातले आठ शॉट आपल्या आकड्याला जातात आणि एखाददुसरा दहा-बारा यार्ड लांब पळतो, आणि वैताग असा की पळणारा शॉट हा चुकलेला शॉट नसतोच, उलट तोच सगळ्यात चांगला लागलेला असतो. मिसहिटनं मार खाल्ला तर मी समजू शकतो. चांगला शॉट मारून डबल बोगी (ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त) लिहायची हे मात्र पचत नाही. आता ओल्या गवतात सगळेच आयर्न थोडेफार पळतात, फेस आणि बॉलच्या मध्ये पाणी आणि गवत आलं की ग्रूव्हची (फेसवरच्या खाचांची) पकड कमी होते, स्पिन पडतो, बॉल लांब जातो आणि थांबत नाही. पण ज्या आयर्नचा स्पिन मुळातच कमी त्याच्याकडं घालवायला शिल्लक काय राहणार. फोर्ज्ड सेटनं पण मला असे शॉट दिलेत, नाही असं नाही, पण चार-पाच यार्डांचा फरक असतो, ग्रीनच्या मागच्या कडेला का होईना बॉल राहतो.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण आपल्याकडं नेमबाजी घराघरात माहीत आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. रेंजवर जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो आधी ग्रुपिंग बघतो. दहा गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत पडल्या तर त्या मधल्या वर्तुळात आणणं म्हणजे साइटचे दोन क्लिक, पण ग्रुपिंगच पसरलेलं असेल तर साइट फिरवून काही होत नाही. आयर्नचंही तसंच. माझा फोर्ज्ड सेव्हन १५० जातो, होलो १६५ जायचा, आणि मला आता १५० चं काही वाटत नाही कारण तो १५० च जातो, पुढं हवं असेल तर सिक्स काढतो.

दुसरी गोष्ट आपल्या गावाशी निगडित आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझा सराव वडणग्याला रानात, उसाच्या कडेला दहा फुटांवर जाळी बांधलीय आणि समोर हरळीचा पट्टा राखलाय (जी हरळी आपण बांधावर उपटून फेकतो तीच गोल्फ कोर्सवर बर्म्युडा म्हणून मानानं वाढवतात, घरच्यांना हे अजून पटत नाही). जाळीत मारताना बॉल किती गेला ते दिसत नाही. तुमच्याकडं फक्त हात आणि कान असतात. होलो सेटमध्ये मधोमध लागलेला बॉल आणि अर्धा इंच टोकाकडं लागलेला बॉल हे दोन्ही हाताला जवळपास सारखेच वाटायचे, तीच त्याची खुबी म्हणून विकतात. पण मग मी महिनाभर जाळीत काय शिकत होतो? फेसवर टाल्कम पावडर मारून बघितली तेव्हा कळलं की माझे निम्मे बॉल टोकाकडं लागतायत आणि मला त्याचा पत्ताच नाही. झेडएक्स ७ ला पावडर लागत नाही, टोकाला लागला की डाव्या अंगठ्याच्या बुडाशी झिणझिणी येते, खाली लागला की टक्क असा कोरडा आवाज येतो, आणि मधोमध लागला की आवाज बद्द, ओल्या मातीवर नारळ पडावा तसा. ज्याच्या घराजवळ चांगली रेंज आहे, लाँच मॉनिटर (शॉट मोजणारं यंत्र) आहे, त्याला याचं महत्त्व कमी वाटेल. जाळीत मारणाऱ्याला मात्र क्लब हाच गुरुजी.

फोर्ज्ड म्हणजे काहीतरी जादू असं मात्र मी सांगणार नाही. माझं आयुष्य शिरोली एमआयडीसीत गेलंय, कास्टिंग आणि फोर्जिंग दोन्ही रोज बघतो. फोर्जिंगचा तुकडा कापून, घासून त्यावर अॅसिड लावलं की आतल्या धातूच्या रेषा आकाराप्रमाणं वळलेल्या दिसतात, लाकडाच्या रेषा असतात ना तशा, आणि क्रँकशाफ्टला त्या रेषांनीच ताकद येते. मिझुनो हिरोशिमाला जे ग्रेन फ्लो फोर्जिंग करते त्यामागं हाच विचार आहे, ठोकळा ओढून होझलपर्यंत (दांडा बसतो त्या नळीपर्यंत) रेषा सलग ठेवायच्या. पण गोल्फच्या बॉलला क्रँकशाफ्टची ताकद लागत नाही, आणि चांगला कास्टिंगचा आयर्नपण हाताला गोड लागू शकतो, पिंगनं कास्टिंगवर वर्षानुवर्षं उत्तम आयर्न केलेत. मी एकदा कानात कापूस घालून दोन्ही सेट जाळीत मारून बघितले, निम्मा फरक तिथंच गेला. म्हणजे ज्याला आपण फील म्हणतो त्यातला बराचसा आवाज असतो. उरलेला निम्मा मात्र कापूस घालूनही राहिला, आणि तो बॉलच्या मागं भरीव लोखंड असण्याचा आहे असं मला वाटतं. भरीव आणि पोकळ हा फरक खरा, फोर्ज्ड आणि कास्ट हा त्यामानानं दुय्यम.

होलोची बाजू पण प्रामाणिकपणे मांडायला पाहिजे कारण माझ्याच चौकडीत दोघं आजही तेच खेळतात आणि माझ्यापेक्षा वाईट खेळत नाहीत. एकाची पाठ दुखते, वय साठच्या वर, स्पीड कमी झालाय, त्याला फाइव्ह आयर्न हवेत उचलून देणारा क्लबच पाहिजे आणि फोर्ज्ड कॅव्हिटीनं ते होत नाही. लांब आयर्नमध्ये होलो सरळसरळ पुढं आहे, यात मला शंका नाही. फोर्ज्ड फोर आयर्न थकलेल्या अंगानं सोळाव्या होलवर मारून बघा म्हणजे कळेल. टोकाकडं लागलेला शॉट होलोमध्ये सहा-सात यार्ड कमी जातो, माझ्या सेटमध्ये बारा-पंधरा, आणि समोर पाणी असेल तर हा फरक छोटा नाही. महिन्यातून एकदाच खेळायला मिळतं आणि मधल्या दिवसांत सराव शून्य, अशी परिस्थिती असेल तर मी होलो घेऊ नका असं म्हणायला धजावणार नाही.

वेजचं (जवळच्या शॉटसाठीच्या जास्त लोफ्टच्या क्लबचं) गणित आधी कागदावर मांडा, ते दुकानात कुणी सांगत नाही. होलो सेटचा पिचिंग वेज ४५ च्या आसपास किंवा त्याहून कडक असतो, मग ५२ पर्यंत मोठं खिंडार पडतं आणि एक गॅप वेज वाढवावाच लागतो, म्हणजे त्याला जागा करायला वर एखादा लांबचा क्लब काढा. झेडएक्स ७ चा पिचिंग ४६, तिथून ५०-५४-५८ नाहीतर ५२-५६ असं सुटसुटीत बसतं.

सोलबद्दल एक, श्रिक्सनच्या सोलला खालून व्ही आकार आहे, पुढची कड थोडी उचललेली. पुण्याच्या फेअरवेवर मला त्याचा फार फरक जाणवला नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या काळ्या मातीत तो क्लब रुतत नाही, डिव्हट (फटक्याबरोबर उपटून येणारा गवत-मातीचा तुकडा) पातळ निघतो, आणि मनगटाला जो हिसका बसायचा तो गेला. जुन्या सेटनं मी पावसाळ्यात जमिनीतनं मारायचं बंद करून मॅट घातली होती. ग्रूव्हमध्ये चिकटलेली माती दोन्हीत तेवढीच, ब्रश बरोबर ठेवा.

शाफ्टचं (दांड्याचं) थोडक्यात. डेमोला होलो हलक्या शाफ्टमध्ये आणि फोर्ज्ड जड शाफ्टमध्ये देतात, बऱ्याचदा तसेच तयार सेट येतात, आणि मग तुम्ही हेडची तुलना करताय असं समजून शाफ्टची तुलना करून येता. दोन्हीत एकच शाफ्ट मागा, नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

फोर्ज्डची कटकट पण आहेच. कार्बन स्टील मऊ, बॅगेत एकमेकांवर आपटून वर्षभरात फेसच्या कडांना खड्डे पडतात, मला त्याचं काही वाटत नाही पण काहींना फार वाटतं. आणि लोफ्ट हलतो. मॅटवर जास्त मारत असाल तर वर्षातनं एकदा लोफ्ट-लाय (फेसचा आणि दांड्याचा कोन) तपासून घ्या, माझा नाइन आयर्न दीड डिग्री सरकलेला निघाला होता आणि मी उगाच स्विंगला दोष देत बसलो होतो. उलट बाजूनं बघितलं तर हाच मऊपणा कामाला येतो, फिटर (क्लब खेळाडूला जुळवून देणारा) दोन डिग्री इकडं तिकडं आरामात वाकवून देतो. होलोला तेवढं वाकवायला तो सहसा तयार होत नाही.

तर सांगलीकराला मी काय सांगितलं, तर तू आठवड्यातनं तीनदा जाळीत मारतोस, सातवर आलायस, आणि अजून खाली यायचंय असं म्हणतोस, मग फोर्ज्ड कॅव्हिटीकडं बघ. झेडएक्स ७ च घे असं नाही, मिझुनोचे जेपीएक्स टूर आहेत, टायटलिस्टचा टी१०० आहे, ज्याची टॉपलाइन (डोक्याची वरची कड) खाली बघितल्यावर डोळ्याला शांत वाटते तो घे. फक्त डेमो ऊन पडल्यावर सुक्या मॅटवर करू नकोस. सकाळी लवकर जा, गवतावर दव असताना दहा बॉल मार, आणि किती लांब गेले ते लिहू नकोस, सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा यांच्यात किती अंतर आहे तेवढंच लिही.

माझ्या बॅगेत जुन्या होलो सेटमधला फोर आयर्न अजून आहे, बाकीचा सेट पाच ते पिचिंग असा एकानं घेतला. सुरवातीला त्या फोर आयर्नमध्ये आणि फोर्ज्ड फाइव्हमध्ये पंचवीस यार्डांची गॅप पडत होती, फिटरला विनवून एक डिग्री लोफ्ट वाढवून घेतला, आता ती थोडी कमी झालीय. पार थ्रीला (तीन फटक्यांच्या होलला) टीवरून, म्हणजे पहिला फटका, तोच मारतो. रफमधून मात्र त्याला हात लावत नाही.