आवाजासाठी कोणाकडे जावं: गायनगुरू, घशाचे डॉक्टर की स्पीच थेरपिस्ट?

आवाज बिघडला की अनेक गाणारे आधी गुरूंकडे धाव घेतात, आणि दिवसभर बोलून पोट भरणारे गोळ्या चघळत दिवस काढतात. दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. स्वरयंत्र आतून कोणी पाहिलेलंच नसतं.

कोणाकडे जायचं हे ठरवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आज जे जमत नाही, ते पूर्वी जमत होतं का? वरचे सूर कधीच लागले नसतील, दमसास पहिल्यापासूनच कमी असेल, तर तो शिकण्याचा प्रश्न आहे. पण काल सहज लागणारा सूर आज चिरकत असेल, बोलताना हवा सुटत असेल, संध्याकाळपर्यंत आवाज बसत असेल, तर आधी तपासणी आणि मग रियाज.

गुरूंचा कान ही मोठी ताकद आहे. सुरेलपणा, श्वासाचं नियोजन, पल्ला वाढवणं, शब्दफेक, हे सगळं त्यांच्याकडेच शिकावं. थेरपिस्ट ते शिकवणार नाही. मात्र स्वरतंतूंवरच्या गाठींमुळे आलेला घोगरेपणा आणि गळ्याचे स्नायू आवळल्यामुळे आलेला घोगरेपणा कानाला जवळजवळ सारखा वाटू शकतो. तिथे अंदाजाने ‘अजून जोर लावा’ म्हणणं धोक्याचं आहे. स्वरयंत्र पाहण्याची वाटही एका गायनशिक्षकानेच मोकळी करून दिली होती. मॅन्युएल गार्सिया यांनी 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. म्हणून ‘आधी दाखवून या’ असं सांगणारे गुरू मला जास्त विश्वासाचे वाटतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कधी जायचं? घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर नक्की. थुंकीतून रक्त, श्वासाला त्रास, गिळताना दुखणं, मानेत गाठ, धूम्रपानाची सवय, थायरॉइडची किंवा मानेची शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर चार आठवडे थांबूच नका. ओरडताना किंवा गाताना आवाज एकदम गेला, तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्या क्षणी गाणं थांबवायचं, कार्यक्रम कितीही मोठा असला तरी.

तपासणी-तपासणीतही फरक असतो. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा कंप पावतात, गाताना त्याहूनही जास्त. साध्या दुर्बिणीत ती हालचाल नुसती धूसर दिसते. स्ट्रोबोस्कोपीत प्रकाशाची उघडझाप कंपनांच्या वेगापेक्षा किंचित वेगळी ठेवतात, त्यामुळे कंपनं संथ झाल्यासारखी दिसतात आणि बारीक कडकपणाही लक्षात येतो. गाणाऱ्याला साध्या तपासणीत ‘सगळं नॉर्मल’ सांगितलं, तरी तक्रार खरी असेल तर स्ट्रोबोस्कोपीचा आग्रह धरावा. आणि घशात डोकावलेलंही नसताना निव्वळ लक्षणांवरून आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, तर आधी स्वरयंत्र पाहायला सांगा.

डॉक्टर काय झालंय ते सांगतात, गरज असेल तर औषध देतात किंवा शस्त्रक्रिया करतात. बिघडलेली सवय बदलणं हे थेरपिस्टचं काम, आणि याच टप्प्याला लोक सर्वांत जास्त टाळतात. ओरडून किंवा ताणून आलेल्या गाठींवर पहिला उपाय सहसा व्हॉइस थेरपीच असतो. शस्त्रक्रियेने गाठ काढली आणि बोलण्याची पद्धत तीच राहिली, तर गाठ परत येऊ शकते.

थेरपिस्ट नुसतं ऐकून सोडत नाहीत. आवाजातला घोगरेपणा, हवा सुटणं, ताण यांना 0 ते 3 गुण देतात, एका श्वासात ‘आ’ किती वेळ टिकतो ते मोजतात. 30 प्रश्नांची एक प्रश्नावलीही असते, रोजच्या जगण्यात आवाजाची किती अडचण होते हे सांगणारी. हेच आकडे काही आठवड्यांनी पुन्हा काढले की सुधारणा खरी आहे की भास, हे कळतं. व्यायामांपैकी बारीक नळीतून सूर काढणं मला फार मोलाचं वाटतं. तोंडाशी वाट अरुंद झाली की दाब मागे येतो, आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटूनही आवाज निघतो. पार्किन्सनमध्ये क्षीण झालेल्या आवाजासाठी वेगळी, कडक पद्धत आहे: आठवड्याला चार सत्रं, चार आठवडे. ती पद्धत घोगरेपणावर सरसकट लावायची नसते.

एक मर्यादा आहे. बरेच स्पीच थेरपिस्ट मुलांची भाषा किंवा पक्षाघातानंतरचं बोलणं यांवर काम करतात. आवाजाचे रुग्ण नियमित पाहता का, गाणाऱ्यांबरोबर काम केलंय का, हे संकोच न करता विचारा.

मौनाबद्दलही मतं टोकाची ऐकू येतात. रक्तस्राव किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण मौन. एरवी कमी आणि सहज बोलणं पुरतं. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, कारण अनेकांचा गळा त्यात उलट जास्त आवळतो.

नव्याने शिकणाऱ्या, तक्रार नसलेल्या माणसाने सरळ गुरूंकडे जावं. दिवसभर बोलणाऱ्याचा आवाज रोज बसत असेल तर डॉक्टर, मग थेरपिस्ट. वरचे सूर हरवलेल्या गायकाला तिघेही लागतील, याच क्रमाने: डॉक्टर, थेरपिस्ट, आणि थेरपिस्टने हिरवा कंदील दाखवल्यावर गुरू. स्ट्रोबोस्कोपीचं चित्रीकरण मागून घ्या आणि पहिल्या सत्रालाच थेरपिस्टला दाखवा.