उन्हाळ्यात खूण केली, हिवाळ्यात भोक पाडलं: हातातल्या जीपीएससोबत चौदा महिने

मागच्या वर्षी मे महिन्यात, वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीचा सीझन उघडायच्या आठवडाभर आधी, मी एक सेकंडहँड हँडहेल्ड जीपीएस घेतला आणि सोबत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांच्या नकाशांचं कार्ड. तेव्हापासून फिशिंगला जाणारे दोन-तीन जण सारखे विचारतायत की कसा आहे, घेऊ का, मोबाईलवर अ‍ॅप असताना हा कशाला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माझा वापरलेला पीस आहे, त्याचे दोष नव्यावर लावणं बरोबर नाही.

वस्तू साधी आहे. मुठीत मावतो, टचस्क्रीन नाही, बटणं आहेत, दोन डबल ए सेल लागतात, पाण्यात पडला तर तरंगतो (एकदा पडला, तरंगला), आणि सेलच्या खाली एक खाच आहे त्यात नकाशाचं कार्ड बसतं. नकाशात तळ्याच्या आतल्या समान खोलीच्या रेषा दिसतात. रेषा जिथे एकमेकींना चिकटून येतात तिथे तळ एकदम उतरतो, आणि ती कडाच आपल्याला हवी असते कारण संध्याकाळी वॉलाय खोल पाण्यातून त्या कडेने वर चरायला येतो.

आता खरा प्रश्न. माझ्या मित्राच्या बोटीवर मोठ्या स्क्रीनचा सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र) आहे, त्यात हेच नकाशे आहेत आणि जास्त छान दिसतात. मग हातातला कशाला? पहिले काही महिने मलाही वाटत होतं की पैसे वाया गेले. उत्तर मिळालं जानेवारीत.

ऑगस्टमध्ये आम्ही मिल लॅक्सवर होतो. हे तळं १,३२,००० एकरांचं, पण जास्तीत जास्त खोली फक्त ४२ फूट, आणि मधोमध चिखलाचे सपाट उंचवटे आहेत, इथले लोक त्यांना मड फ्लॅट म्हणतात. एका फ्लॅटच्या कडेवर सोनार २२ फूट दाखवत होता आणि बोट जरा सरकली की २९, ३०. तिथे अर्ध्या तासात दोन वॉलाय आले, दुसरा आला तेव्हा मी एका हाताने जाळी धरली होती आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जीपीएसवर मार्कचं बटण दाबून धरलं. नाव दिलं ‘कडा ३’, अर्थात इंग्रजी अक्षरांत, कारण या डब्यात, म्हणजे जीपीएसमध्ये, देवनागरी नाही.

जानेवारीत त्याच तळ्यावर गेलो तेव्हा बोट मित्राच्या शेडमध्ये, तिच्यावरचा मोठा स्क्रीनही शेडमध्ये. तळं गोठलेलं, समोर नुसतं पांढरं. झाड नाही, पाण्याचा रंग नाही, लाट नाही, कुठला फ्लॅट कुठे काही कळायला मार्ग नाही. उणे २२ सेल्सिअस होतं, मोबाईल बाहेर काढला तर ६० टक्के चार्ज दाखवत होता आणि दहा मिनिटांत बंद पडला. जीपीएसवर ‘कडा ३’ निवडलं, बाणाच्या मागे स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढत चालत गेलो आणि पोचल्यावर ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडलं. दोरीला वजन लावून खोली मोजली, २३ फूट. आठ-दहा पावलं पुढे दुसरं भोक, २८ फूट. कडा माझ्या दोन पायांच्या मधे होती! ऑगस्टमध्ये बोटीतून दाबलेलं एक बटण, आणि पाच महिन्यांनी मी त्याच जागेवर बर्फात उभा. त्या दिवशी पैसे वसूल झाले.

म्हणून माझं मत असं की हा डबा मासे शोधायला घेऊच नका, त्याला मासे दिसत नाहीत. तो घ्यायचा तुमच्याबरोबर सगळीकडे येतो म्हणून, मित्राच्या बोटीत, भाड्याच्या कनूमध्ये (वल्ह्याच्या लहान होडीत), बर्फावर पायी, आणि सगळ्या खुणा एकाच ठिकाणी राहतात.

वापरताना शिकलेल्या काही गोष्टी. माझ्या डब्यात इलेक्ट्रॉनिक कंपास नाही, त्यामुळे उभं राहिलात की बाण भरकटतो, चालत असलात तरच दिशा खरी. शेवटच्या पाच-सहा मीटरमध्ये तो भिंगरीसारखा फिरतो तेव्हा त्याच्या मागे गोल गोल फिरू नका, अचूकताच तीन ते पाच मीटरची आहे. मी आता एकच भोक पाडत नाही, नकाशातल्या रेषेला आडवी अशी चार भोकं एका ओळीत पाडतो, त्यातलं एक तरी कडेवर येतंच.

सेल लिथियमचेच घ्या, ते न चार्ज होणारे. साधे अल्कलाइन डिसेंबरमध्ये दीड तासात मान टाकायचे, लिथियमचे दोन दिवस गेले. थंडीत स्क्रीनही मंदावतो, नकाशा सरकवला की पुसट सावली मागे राहते, पण बटणं मात्र जाड ग्लोव्हज घालूनही दाबता येतात आणि हा फार मोठा फायदा आहे.

आकड्यांचा घोळ नक्की सांगायला हवा. एका ओळखीच्यांनी एक जागा मेसेज केली, अक्षांश ४६.२३५०. त्यांच्या अ‍ॅपमध्ये अंश दशांशात असतात आणि माझा डबा अंश आणि मिनिटं मागतो, मी घाईत ४६ अंश २३.५० मिनिटं असं भरलं. खरं तर ते ४६ अंश १४.१ मिनिटं व्हायला हवं होतं. एक मिनिट अक्षांश म्हणजे १८५२ मीटर, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ मिनिटांची चूक सतरा किलोमीटरची झाली आणि जागा तळ्याच्या उत्तरेला जमिनीवर दिसायला लागली. तिथे दिसली म्हणून लगेच कळलं, तळ्यातच दुसरीकडे पडली असती तर दिवस गेला असता. सेटिंगमध्ये फॉरमॅट बदलता येतो, आधी तो बघा मग आकडे भरा.

नकाशावर किती विश्वास ठेवायचा? मोठ्या, प्रसिद्ध तळ्यांवर बराच. मिनेटोंका तळ्याच्या बऱ्याच खाड्यांमध्ये मला फूटभराचाच फरक मिळाला. पण घराजवळच्या एका लहान तळ्यात नकाशा १२ फूट म्हणतो तिथे १७ निघतं, आणि जो उंचवटा दाखवलाय तो तिथे नाहीच. पाण्याची पातळी वर्षागणिक बदलते ते वेगळंच. लहान तळ्यांसाठी राज्याच्या डीएनआरच्या (नैसर्गिक संसाधन खात्याच्या) लेकफाइंडर या वेबसाइटवर खोलीचे नकाशे आणि माशांचे सर्व्हे फुकट आहेत, मी घरूनच ते बघून दोन-तीन जागांचे आकडे डब्यात भरून निघतो. नुसत्या लहान तळ्यांवर जाणाऱ्यांनी कार्डावर पैसे घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आणि बर्फावर एक गोष्ट कधीच विसरू नका, नकाशाला बर्फ दिसत नाही. भेगा, दाबाने उचललेले कडे, खालून झरा असलेली पातळ जागा, यातलं काहीही त्यात नाही. बाण सरळ रेषेत नेतो, आणि सरळ रेषा भेगेवरूनही जाऊ शकते. पायी जायला निदान ४ इंच नवा स्वच्छ बर्फ हवा असं डीएनआर सांगतं, ते भोक पाडूनच मोजायचं. पण परतताना मात्र याच डब्याने मला वाचवलंय. फेब्रुवारीत वारा सुटला, उडणाऱ्या बर्फात वीस पावलांपुढचं दिसेना, तेव्हा सकाळी चालत आलेला माग स्क्रीनवर होता आणि त्यावर पाय ठेवत ठेवत गाडीपर्यंत आलो. मुलगी बरोबर होती, अकरा वर्षांची, माझा हात धरून ती मोठ्याने मीटर वाचत होती, चारशे, साडेतीनशे, तीनशे.

मालवणला मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो आयुष्यभर होडीवर, किनाऱ्यावरचा एक माड आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की त्याची जागा आली. म्हणाला, “म्हंजे आमी माड नि कळस बघतो, तू डब्यात बघतंस, एवढाच मरे.” खरंच एवढंच आहे. फक्त मिल लॅक्सच्या मधोमध माड नाही आणि कळसही नाही.

आज माझ्याकडे ४१ खुणा आहेत. दर महिन्याला केबल लावून त्या कॉम्प्युटरवर उतरवतो, कारण मार्चमध्ये कार्ड ओलं होऊन डबा दोन दिवस चालूच होईना आणि त्या दोन दिवसांत मला नकाशाची नाही, त्या खुणांचीच काळजी लागली होती. तुम्ही घेतलात तर पहिल्या ट्रिपहून आल्या रात्रीच उतरवून ठेवा, वॉलायला रवा लावून तव्यावर टाकायच्या आधी.