एकाच मेजावर की आपापल्या वाढणीत? जपानमधील चिनी भोजनाच्या तीन वाटा

जपानची सहल आखताना सुशी, रामेन आणि खिशाला झेपत असेल तर एखादे काइसेकी (अनेक छोट्या पदार्थांचे उंची जपानी) भोजन एवढे बहुतेकांच्या यादीत असते. त्यात चिनी जेवणासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, असे सहसा कोणाला सुचत नाही. त्याचे एक कारण आपल्या घरचेच आहे. चायनीज म्हणजे काय याची आपली कल्पना मुंबईत घडली. ज्याचे श्रेय नेल्सन वांग यांना दिले जाते ते मंचुरियन १९७० च्या दशकात याच शहरात जन्मले आणि पुढे गावोगावच्या गाड्यांवर पोचले. जपाननेही चिनी पदार्थ असेच आपल्या जिभेला वळवून घेतले. सिचुआनहून आलेल्या चेन केनमिन यांनी १९५८ मध्ये तोक्योत ‘शिसेन हानतेन’ सुरू केले, मापो तोफू या रस्सेदार पदार्थाचा तिखटपणा उतरवला आणि कोळंबीच्या चिलीत टोमॅटो केचप घातले. आज हे दोन्ही पदार्थ जपानी घरांत सर्रास शिजतात. येथे मात्र विचार करायचा आहे तो त्या रोजच्या चिनी जेवणाचा नव्हे, तर चिनी पाककलेला जपानी रसिकतेने जे उंची रूप दिले त्याचा.

एकाच भोजनाची ऐपत आणि सवड असलेल्या माणसाने तीन ठिकाणे समोर ठेवावीत. पहिले तोक्योच्या मिनामी-आझाबू भागातील ‘साझेंका’, दुसरे नागासाकीच्या मारुयामा वस्तीतील ‘कागेत्सु’ आणि तेथील शिप्पोकु, म्हणजे एका मेजाभोवती वाटून खाण्याचे भोजन, आणि तिसरे क्योतोजवळ उजी येथील मानपुकुजी मंदिरातील फुचा, म्हणजे चिनी वळणाचे शाकाहारी भोजन. तिन्हींत चीन आणि जपान एकत्र आले आहेत, पण कोणाचे काय राहिले आणि कोणाचे काय गेले याचा हिशेब प्रत्येक ठिकाणी निराळा आहे, आणि निवड करताना मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांपेक्षा हा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

जुन्या जपानी रीतीत प्रत्येक पाहुण्यासमोर त्याचा स्वतंत्र बुटका चौरंग असे, त्यावर त्याची स्वतंत्र वाढणी असे आणि कोणी कोठे बसायचे हे मानानुसार ठरलेले असे. एका मेजाभोवती सर्वांनी बसून मधल्या मोठ्या थाळ्यांतून वाढून घेणे ही रीत सतराव्या शतकात चिनी व्यापाऱ्यांबरोबर आणि भिक्षूंबरोबर आली. नागासाकीने आणि उजीने हे मेज ठेवून घेतले आणि त्यावर बरेचसे जपानी अन्न मांडले. तोक्योतील आजचे उंची चिनी भोजन याच्या अगदी उलट वागते: कढई, स्टॉक (मांस-हाडे उकळून काढलेला रस) आणि मसाला चिनी ठेवून ते मेजच मोडते आणि प्रत्येकाला पुन्हा आपापली छोटी वाढणी देते. शेफ युजी वाकिया यांनी १९९० च्या दशकापासून योकोहामात आणि २००१ पासून तोक्योच्या आकासाकातील आपल्या रेस्तराँमध्ये चिनी पदार्थ लहान लहान भागांत, एकामागून एक वाढण्याची जी पद्धत लोकप्रिय केली, तिनेच हा रस्ता रुंद केला. म्हणून पहिला प्रश्न चवीचा नसून संख्येचा आहे. दोघे असाल तर साझेंका, चौघे असाल तर उरलेली दोन, असे ढोबळमानाने म्हणता येईल. अपवाद पुढे येतीलच.

साझेंकाचे तोमोया कावादा आधी तोक्योच्या आझाबू चोको या चिनी रेस्तराँमध्ये अनेक वर्षे राबले, मग जपानी भोजनासाठी नावाजलेल्या र्‍यूगिनमध्ये गेले आणि र्‍यूगिनच्या तैपेई शाखेतही त्यांनी काम केले. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचे रेस्तराँ उघडले. मिशेलिनच्या २०२१ च्या तोक्यो मार्गदर्शिकेत त्याला तीन तारे मिळाले, आणि जपानमधील चिनी रेस्तराँला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. या दुहेरी शिक्षणाचा अर्थ कळण्यासाठी तेथील रानकोंबड्याच्या, म्हणजे फेजंटच्या, निवळ सुपाकडे पाहावे. चिनी स्वयंपाकघरातला स्वच्छ स्टॉक तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. शेवटी त्यात बारीक वाटलेले मांस मिसळून पुन्हा हळूहळू तापवतात, ते मांस वर येताना सगळा गढूळपणा स्वतःत ओढून घेते, आणि खाली उरतो तो तळ दिसेल इतका नितळ रस. दाशी हा जपानी स्टॉक कोंबू (समुद्रशेवाळ) आणि कात्सुओबुशी (सुकवलेला बोनिटो मासा) यांच्यापासून काही मिनिटांत उतरतो, पण अपेक्षा तीच असते: वाटीचा तळ दिसावा आणि चव मात्र भरघोस असावी. कावादा यांच्या वाटीत, दोन-तीन वोनटॉनच्या (सारण भरलेल्या पातळ पुड्यांच्या) सोबत, तंत्र पूर्णपणे चिनी आणि संयम पूर्णपणे जपानी आहे. वर सजावट नाही, तेलाचा तवंग नाही, आणि ऋतू बदलला की पुढचे-मागचे पदार्थ बदलतात. ज्याला चिनी जेवण म्हणजे ठसका, तेलाची तर्री आणि भरलेली ताटे असे वाटते, त्याची येथे निराशा होण्याची शक्यता आहे, आणि ती निराशा फार महाग पडेल. येथे मद्याऐवजी चहाची जोडणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पदार्थागणिक वेगवेगळ्या तापमानाला येणारा चहा या जेवणाचा जोडभाग नसून अर्धा भाग आहे, आणि वाइन तर मुंबईतही मिळते.

नागासाकीत सूर एकदम बदलतो. कागेत्सुचा इतिहास १६४२ पर्यंत मागे जातो. मारुयामा ही तेव्हाची रंगवस्ती होती, आणि एकोणिसाव्या शतकातील सामुराई साकामोतो र्‍योमाच्या तलवारीचा म्हणून सांगितला जाणारा घाव आजही तेथील एका खोलीच्या खांबावर दाखवतात. १६८९ मध्ये चिनी व्यापाऱ्यांना कुंपणाच्या वस्तीत हलवले गेले, पण त्याआधी ते गावातच, शेजाऱ्यांसारखे राहत होते, आणि शिप्पोकु या शेजारातून उगवले. लाल लाखेच्या गोल मेजाभोवती मंडळी बसतात आणि पहिल्यांदा येते ते ‘ओहिरे’, माशाच्या पराचे निवळ सूप. ‘ओहिरे घ्यावे’ असे मालकीणबाईंनी म्हटल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. यजमानाचे भाषण आणि प्याले उंचावणे हे सगळे त्यानंतर. पाहुण्यागणिक एक अख्खा ताई (सी ब्रीम) मासा खर्ची घातला आहे, हे त्या पराने सांगायचे असते. भाषण ऐकत ताटावर ताटकळलेल्या कोणालाही हा क्रम आवडावा.

पुढे साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, येते, ब्रेडमध्ये कोळंबीचा खिमा भरून तळलेले हातोशी येते, सोया आणि साखरेत तासन्‌तास शिजवलेले डुकराच्या पोटाचे मांस येते, ज्याचे मूळ चीनमधल्या दोंगपो पद्धतीत आहे, आणि डच वखारीची आठवण ठेवणारा एखादा पदार्थही येतो. शेवट लाल चवळीसारख्या आझुकीच्या गोड सुपाने. पाककौशल्याची धार पाहिली तर हे भोजन साझेंकाच्या जवळपास येत नाही. काही पदार्थ तर चारशे वर्षांच्या सवयीमुळेच टिकले आहेत असे वाटते. पण दोन देशांचे खाणे खरोखर एकमेकांत मुरले आहे ते येथे, कारण कोणा एका शेफने ते ठरवून केलेले नाही.

उजीचे फुचा भोजन मराठी प्रवाशाला सर्वांत सोयीचे, आणि तरीही सर्वांत कमी माहीत असलेले आहे. फुजियानहून आलेले झेन गुरू इंगेन १६५४ मध्ये नागासाकीत उतरले आणि १६६१ मध्ये त्यांनी मानपुकुजीची स्थापना केली. जपानमध्ये फरसबीला आजही त्यांचेच नाव आहे. एका मेजाला चौघे, मध्ये मोठ्या थाळ्या, आणि मांस, मासे, अंडी काहीही नाही. कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण टाळणाऱ्यालाही येथे निर्धास्तपणे बसता येते. जपानमध्ये शाकाहाऱ्याची खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, दाशीतल्या न दिसणाऱ्या माशाची असते. येथे ती अडचण मुळातच नाही. तिळाचे तेल आणि कुझू या कंदाच्या पिठाची दाट, चकचकीत कढी ही चीनची खूण, तर भाज्यांच्या कापणीतला नेमकेपणा जपानचा. तोफू आणि नोरी (समुद्रशेवाळाचा कागद) यांपासून केलेली नकली ईल मासळी पाहून काहींना कौतुक वाटेल. मला स्वतःला भाज्यांचे उरलेले तुकडे वाया न घालवता केलेला ‘उनपेन’ अधिक प्रामाणिक वाटतो. मंदिरात आधी नोंदणी करावी लागते. जवळच हाकुउन-आन हे फुचाचेच रेस्तराँ आहे, आणि तोक्यो सोडायचे नसेल त्यांच्यासाठी इरिया भागात ‘बोन’ आहे.

खर्चाबाबत फार बोलण्याची गरज नाही. साझेंका जपानमधल्या सर्वांत महागड्या जेवणांपैकी आहे आणि जागा मिळवणे पैशांहून कठीण. कागेत्सु त्याच्या बरेच खाली, दुपारी आणखी खाली. मंदिरातले जेवण सर्वांत स्वस्त. प्रवासाचे गणित मात्र उलटे पडते. उजीचे ओबाकु स्थानक क्योतोहून लोकलच्या अंतरावर आहे, तर नागासाकीसाठी हाकाताहून निघून ताकेओ-ओनसेनला गाडी बदलावी लागते. २०२२ मध्ये ताकेओ-ओनसेन ते नागासाकी हा शिनकानसेनचा टप्पा सुरू झाल्यापासून ते सोपे झाले असले तरी दिवस जातोच.

क्योतोत मुक्काम असेल आणि यांतले काहीच जमत नसेल, तर तेथील जुन्या घराण्याचे चिनी जेवण हा मधला पर्याय आहे: गियोन वस्तीतल्या गेइकोंना (क्योतोच्या गेइशांना) लसणाचा वास आणि तेलकटपणा चालत नसे, म्हणून तेथे चिनी स्वयंपाकच सौम्य झाला. तो चांगला आहे, पण त्यासाठी मुद्दाम संध्याकाळ राखावी असे मी म्हणणार नाही.

शाकाहारी माणसाने साझेंकाचा विचार सोडावा. स्टॉकच काढून टाकल्यावर तेथे जाण्याचे प्रयोजन उरत नाही. घरात दोघे शाकाहारी आणि दोघे सर्वभक्षी असतील, तर वाद न घालता उजी गाठावे. स्वयंपाकाचे तंत्र जवळून पाहायचे असेल, सोबत एकच माणूस असेल आणि बिलाने झोप उडणार नसेल, तर साझेंकाला पर्याय नाही. आणि डुकराचे मांस चालणारे चौघे मित्र जमले असतील, तर मी तोक्योचा एक दिवस कापून नागासाकीचे तिकीट काढीन, आणि कागेत्सुची नोंदणी विमानाच्या तिकिटाआधी करीन.