नेरुळच्या खाऱ्या हवेत लोखंडी खुर्च्या: रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट

बागेतल्या जुन्या लोखंडी खुर्च्या भंगारवाल्याला देण्याआधी रेड ऑक्साइड प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या तांबड्या गंजरोधक अस्तराचा, अर्ध्या लिटरचा डबा आणा, हे मी कुणालाही बिनधास्त सांगेन. आमच्या रो हाउसच्या अंगणात सासूबाईंनी घेतलेल्या दोन जाळीच्या खुर्च्या आणि गोल टेबल आहे. सळी जाड, वेल्डिंग पक्कं. आज त्या वजनाचं सामान घ्यायचं तर खिशाला चांगलीच चाट बसेल. इथे प्रायमर, गडद हिरवा इनॅमल (म्हणजे चकाकीचा ऑइल पेंट), टर्पेंटाईन, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर सगळं धरून खर्च हजाराच्या आत राहिला.

इनॅमल मी एशियन पेंट्सचा ॲपकोलाइट ग्लॉस घेतला. ब्रशला सुरेख चालतो आणि चकाकी छान येते. पण खरं काम करतो तो प्रायमर, आणि त्याच्याही आधीची घासणी.

खाडी जवळ असल्यामुळे आपल्याकडे लोखंडावर मीठ बसतं. ते धुतलं नाही तर रंगाखाली ओल धरून ठेवतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतात. म्हणून सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढले की खुर्ची नळाच्या पाण्याने भरपूर धुवा, लगेच पुसा, कडक उन्हात वाळवा. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, नंतर १२०. बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे पट्ट्या एकमेकींवरून जातात, तिथे गंजाच्या खपल्या दडलेल्या असतात. खुर्ची उलटी करून जुन्या टूथब्रशने त्या फटी साफ केल्या, तेव्हा कुठे खालचं करडं लोखंड दिसलं. हाताला थोडा तांबूस डाग राहिला तर चालतो, भुगा सुटता कामा नये.

जुना रंग घासताना मास्क लावा आणि वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलाबाळांच्या घरात उडवायला नको.

प्रायमरचा हात पातळ मारा. तो मॅट असतो, पाणी पूर्ण अडवत नाही, त्यामुळे नुसता प्रायमर मारून खुर्ची महिनाभर उघड्यावर ठेवलीत तर गंज परत डोकं वर काढणार. दुसऱ्या दिवशी इनॅमलचा पहिला हात, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा. गोल सळीवर जाड हात मारला की खाली ओघळ येतात. ऑइल पेंटला वाळायला वेळ लागतो आणि वासही बराच वेळ राहतो, हा त्या प्रकाराचाच धर्म. घाईच्या माणसाला स्प्रेचा डबा आवडेल, पण जाळीवर फवारलेला निम्मा रंग हवेतच जातो. बजेट बघायचं असेल तर ब्रशच घ्या.

हे सगळं दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका. दमट हवेत इनॅमल चिकट राहतो, आणि थंडीतही संध्याकाळी खुर्च्या आत घ्या, दवाने चकाकी जाते.

प्रायमर आणि इनॅमलची ही जोडी सगळ्या फर्निचरला लागू नाही. लोहचुंबक चिकटलं नाही तर खुर्ची बहुधा ॲल्युमिनियमची, तिचा प्रायमर वेगळा. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर ऑइल पेंट थेट मारला तर जस्ताशी क्रिया होऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक सळीत घुसत असेल तर आधी वेल्डरकडे जा.

पायांच्या रबरी टोप्या मात्र नव्या घाला. पावसाचं पाणी तिथेच साचतं, म्हणून टोपीत जाणाऱ्या टोकालाही प्रायमर आणि रंगाचे दोन्ही हात मिळाले पाहिजेत. टोप्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात, जाताना पायाचं माप घेऊन जा.