स्ट्रायकर आणायचा कुठून: हॉलंडमधून की जर्मनीतून?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल क्लबला गोल करणारा माणूस हवा असला की ही दोन नावं हमखास निघतात: हॉलंडची लीग एरेडिव्हिजी आणि जर्मनीची बुंडेसलिगा. दोन्हीकडे 18 संघ, 34 सामने. पण गोलांची किंमत सारखी नाही.

हॉलंडच्या आकड्यांनी मला अनेकदा चकवलंय. स्ट्रायकर केझमनने तिथल्या पीएसव्ही क्लबसाठी 2002-03 मध्ये 35 गोल ठोकले; इंग्लंडच्या चेल्सीत पहिल्या हंगामात लीगमध्ये फक्त 4. तिथे बचाव सैल असतो, शिवाय मोठे संघ बहुतेक वेळ समोरच्याच्या अर्ध्यात खेळतात. तरी सुआरेझही तिथूनच आला, आणि 2013-14 मध्ये लिव्हरपूलसाठी त्याने 31 गोल केले, एकही पेनल्टी न घेता! म्हणून तिथे गोल मोजू नयेत, खेळाडू अंगावर बचावपटू घेऊन कसा वळतो ते बघावं.

जर्मनीत वेग आणि प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर लगेच धावून जाणं) इंग्लंडच्या जवळचं. जानेवारी 2020 मध्ये हालांड तिथल्या डॉर्टमुंड क्लबकडून पहिल्यांदा उतरला तो बदली म्हणून, संघ 3-1 ने मागे असताना. त्याने हॅटट्रिक केली, सामना 5-3 ने जिंकला. पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीत पहिल्याच हंगामात लीगमध्ये 36 गोल. मात्र जर्मनीत बचावफळीमागे मोकळी जागा खूप मिळते. स्ट्रायकर वेर्नर त्याच जागेत धावून एका हंगामात 28 गोलांपर्यंत पोचला होता. इंग्लंडमध्ये खाली दडून बसलेल्या संघांपुढे त्याला ती मिळालीच नाही.

पैसे माझे असते तर मी जर्मनीतूनच घेतला असता. विशीच्या आतला, स्वस्तात मिळणारा पोरगा हवा असेल तर मात्र हॉलंड.