ठाण्यात डॉलरची नाणी दाखवायचीयत? या दुकानात जा, पण विकायला नको

गोखले रोडवरून आत वळलं की जुन्या नाणी-नोटांचं एक टीचभर दुकान आहे, त्याचा हा रिव्ह्यू. नणंदेकडचे लोक अमेरिकेहून येऊन गेले आणि जाताना सगळी चिल्लर आमच्याकडे सोडून गेले, त्यात एक डॉलरची पिवळी नाणी बरीच, न्यूयॉर्कला मेट्रोकार्डच्या मशीनमध्ये मोठी नोट घातली की उरलेले पैसे म्हणून हीच मिळायची. मनी चेंजरवाले नोटा घेतात, नाण्यांना हात लावत नाहीत, मग इथे गेले.

दुकानातल्या काकांनी आधीच सांगून टाकलं, ताई यात सोनं शून्य, आत तांबं आणि वर मँगनीज ब्रासचा थर. वजन 8.1 ग्रॅम, काट्यावर ठेवून दाखवलं. मग भिंग काढून त्यांनी चेहरे सोडून आधी कडाच बघायला घेतल्या. राष्ट्राध्यक्षांची सीरिज 2007 ते 2016 निघाली, त्यात साल आणि टाकसाळीचं अक्षर पुढे-मागे कुठेच नसतं, कडेवर असतं, पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर. ही अक्षरं नाणं छापल्यावर वेगळ्या मशीनमध्ये उठवतात त्यामुळे कधी सुलटी येतात कधी उलटी, दोन्ही नॉर्मल, आणि ऑनलाइन उलट्या अक्षरांचं नाणं 'रेअर एरर' म्हणून विकतात तो सरळ चुना आहे. खरा एरर म्हणजे कड कोरी असणं. 2007 च्या वॉशिंग्टनवाल्या नाण्यांत तसं झालंय, पण हजारोंनी झालंय, त्यामुळे सापडलं तरी लगेच फ्लॅट बुक करायला जाऊ नका.

आणि पाठीवर बाळ बांधलेल्या बाईचं, म्हणजे साकागाविया या अमेरिकेतल्या मूळनिवासी बाईचं नाणं 2000 ते 2008 चं असेल तर त्याची कड मुळातच कोरी असते, साल पुढच्या बाजूला असतं, तो एरर नाही. यातलं 2000 चं पी अक्षराचं असलं की काका मागच्या बाजूच्या गरुडाच्या शेपटीची पिसं बघतात, कारण त्या वर्षी चिरिओज नावाच्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांत 5,500 नाणी घातली होती आणि त्यातल्या काहींच्या पिसांवर जास्त बारीक रेघा आहेत, ती हजारो डॉलरना जातात. आमची पिसं साधीच निघाली 😄 2012 पासूनची नाणी चलनासाठी नाही, कलेक्टर लोकांसाठीच काढली, त्यांना थोडा जास्त भाव मिळतो. बाकी सगळी एक डॉलरला एक डॉलर.

हे ते तोंडावर सांगतात म्हणून मला दुकान आवडलं, नाहीतर हल्ली पाच रुपयाच्या नाण्याचे लाखो देतो म्हणणाऱ्या जाहिराती काय कमी आहेत, रिझर्व्ह बँकेला 2021 मध्ये आमचं नाव वापरून फसवतायत असं जाहीर करावं लागलं होतं.

आता खटकलेलं. विकायची म्हटलं की काकांचा सूर बदलतो, डॉलरच्या रेटपेक्षा बरंच खाली बोलतात, वर रेट कुठे लिहिलेला नाही, समोरचा माणूस बघून ठरतो असं मला तरी वाटलं. मी नाही दिली, पुढच्या वेळी कोणी तिकडे जाईल त्याच्याबरोबर पाठवीन. तुम्ही गेलात तर नाणी पितांबरीने चकाचक करून नेऊ नका (पितांबरी ठाण्याचीच असली तरी), घासलेल्या नाण्याला कलेक्टर भाव देत नाहीत. ओळखून देण्याचे पैसे घेतले नाहीत. चार स्टार, एक विकत घेण्याच्या रेटचा कापला. दुपारी बंद असतं आणि पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत जा.